कॅमेरा कपाटात ठेवायची वस्तू नाही

मैत्रिणींनो, आपल्या वयाच्या बाईने स्वतःसाठी चांगला कॅमेरा घ्यायचं म्हटलं, की घरात दोन प्रश्न हमखास येतात. मोबाईल आहे ना हातात, मग हा खर्च कशाला? आणि या वयात ते जमणार आहे का? विचारणारे आपलेच असतात आणि काळजीपोटीच विचारतात. पण माझं मत ठाम आहे. परवडत असेल तर घ्यावा, आणि घेतला की तो नीट शिकावा. न शिकता घेतलेल्या कॅमेऱ्याची गत लग्नात आलेल्या डिनर सेटसारखी होते. खोक्यासकट माळ्यावर जातो आणि कोणी विशेष आलं तरच खाली उतरतो.

आधी मोबाईलचं बोलू. मोबाईल फोटो चांगले काढतो, ते नाकारण्यात अर्थ नाही. बटण दाबलं की तो एकापाठोपाठ अनेक फोटो घेतो, ते एकत्र करतो, काळोख उजळवतो आणि तयार ताट पुढे ठेवतो. पण त्यातले सगळे निर्णय त्याचे असतात. दिवाळीच्या संध्याकाळी उंबऱ्यावर पणती लावावी आणि फोटो काढावा, तर तो अख्खं अंगण उजळून देतो. आपल्याला हवा होता तो पणतीपुरता उजेड आणि भोवतीचा काळोख, तोच नेमका नाहीसा होतो. कॅमेऱ्यात किती उजेड ठेवायचा हे आपण ठरवतो. शिकण्यासारखं आहे ते हे ठरवणंच.

आणि ते अवघड नाही. मी कॉमर्सची पदवीधर, शास्त्र मला फारसं कळत नाही. पण बी.कॉम.ला शिकलेली द्विनोंदी पद्धत इथे कामाला आली. कॅमेऱ्यात तीन खाती आहेत. ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं आहे. शटर स्पीड म्हणजे प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा. आयएसओ म्हणजे मिळालेला प्रकाश किती वाढवून दाखवायचा. एका खात्यात दुप्पट जमा केलं, तर दुसऱ्यात निम्मं करावं लागतं, नाहीतर ताळेबंद जुळत नाही. ॲपर्चर एफ/8 वरून एफ/5.6 वर आणलं की प्रकाश दुप्पट येतो. मग शटर 1/125 वरून 1/250 वर न्यायचं, हिशेब पुन्हा बरोबर. आकडा लहान झाला की भोक मोठं होतं, एवढीच एक उलटी गोष्ट लक्षात ठेवायची. आयएसओ म्हणजे उसनवारी. वाढवलं की वेळ भागते, पण व्याज भरावं लागतं, आणि ते व्याज फोटोत रव्यासारखे दाणे होऊन दिसतं. म्हणून गरजेपुरतंच घ्यावं. मात्र फोटो हलण्यापेक्षा थोडं व्याज बरं.

हिशेब जुळला तरी निवड उरतेच. पोळी लाटणारे हात 1/30 वर धूसर येतात आणि त्या धूसरपणात लाटण्याची लय दिसते. तेच 1/500 वर घेतले तर उडालेलं पीठही हवेत थांबतं. दोन्ही बरोबर. कुठलं हवं ते सांगणारी बाई कॅमेऱ्यामागे असायला हवी.

आपल्याकडे वारंवार येणारी एक तक्रार म्हणजे संगमरवरी मंदिराचा किंवा पांढऱ्या साडीचा फोटो करडा, मळकट दिसतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. त्यातला प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो. पांढरं जास्त असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो गडद करतो. अशा वेळी एक्स्पोजर कंपन्सेशन अधिक एकवर न्यायचं. काळ्या पाषाणाच्या मूर्तीला उलट, म्हणजे उणे एक. मंदिरात फोटो काढायला परवानगी आहे का, हे आधी विचारायचं. परवानगी असली तरी फ्लॅश बंदच ठेवायचा.

आता हे सगळं कशासाठी? आमच्या सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. अल्बममध्ये त्यांचे फोटो आहेत, पण सगळे कार्यातले. अंगावर शालू, नजर समोर, आणि फोटोग्राफरने सांगितलं म्हणून आणलेलं हसू. गच्चीवर पापड वाळत घालताना त्या पदर कशा खोचायच्या, जपमाळेचे मणी त्यांच्या बोटांतून कसे सरकायचे, याचा एकही फोटो नाही. त्यात कोणाचा दोष नव्हता. रोल 36 फोटोंचा असायचा आणि तो लग्ना-बारशासाठी राखून ठेवायचे. आज रोलचा हिशेब नाही. तरीही आपण फोटो कार्यापुरतेच काढत राहिलो, तर आपल्या नातवंडांनाही आपले शालूतलेच चेहरे मिळतील.

घराचा हा इतिहास बाहेरचा फोटोग्राफर टिपणार नाही. तो मुहूर्ताला येतो आणि जेवून जातो. सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या ओट्यावर किती वाजता येतं, आजोबा वर्तमानपत्र वाचताना चष्मा कसा कपाळावर सरकवतात, हे घरात रोज वावरणाऱ्या बाईलाच ठाऊक असतं. नजर आपल्याकडे आहेच, हाताला सवय तेवढी हवी. आणि घरातल्या एखाद्या नातीलाही शिकवावं, म्हणजे कधीतरी आपणही फोटोत येऊ.

वयाचं म्हणाल, तर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई 1815 साली कलकत्त्यात जन्मली. डिसेंबर 1863 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी, लेक-जावयाने तिला पहिला कॅमेरा दिला. तेव्हा ती इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर राहत होती. कोळशाच्या कोठीची तिने डार्करूम केली, आणि कोंबड्यांना मोकळं सोडून त्यांच्या काचेच्या खुराड्याचा स्टुडिओ केला. महिन्याभरात मनासारखा पहिला फोटो निघाला. तिचे फोटो धूसर म्हणून जाणकार हसले, पण 1865 मध्ये लंडनच्या संग्रहालयाने ते विकत घेतले. आपल्या होमाई व्यारावाला 1913 साली नवसारीला जन्मल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात, पण सुरुवातीचे त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आपल्या आचाराशी जोडलेल्या दोन गोष्टी सांगते. जुन्या फिल्मवर जिलेटिनचा थर असे, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच नाही, तेवढा प्रश्न सुटला. प्रिंटच्या कागदावर मात्र तो थर असू शकतो, म्हणून स्टुडिओत विचारून घ्यावं. पट्टा आणि बॅग चामड्याऐवजी कापडी घ्यावी. दुसरी गोष्ट, चांगल्या फोटोसाठी फूल तोडायचं नाही, घरट्याजवळची फांदी वाकवायची नाही. किडा हलू नये म्हणून त्याला थंडीत गारठवणारेही लोक असतात. असल्या फोटोची आपल्याला गरज नाही. फुलपाखरू उडून गेलं तर गेलं.

खरेदी बेताची असावी. कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55 मिमीची लेन्स वर्षभर पुरते. दुकानदार 50 मिमीची स्वस्त लेन्स सुचवेल. लेन्स छानच असते, पण लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती बऱ्यापैकी जवळचं दाखवते आणि आपल्या स्वयंपाकघरात मागे सरकायला भिंत आडवी येते. घरातल्या फोटोंसाठी 35 मिमी बरी. वजन हातात घेऊन बघावं, कारण मनगट आपलं आहे. पावसाळ्यात दमटपणाने लेन्सवर बुरशी धरते, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावी. डाळी-कडधान्यं जपणाऱ्या बाईला हे वेगळं शिकवायला नको.

सुरुवातीला डायल ए किंवा एव्हीवर ठेवा, म्हणजे ॲपर्चर तुम्ही निवडाल आणि शटर कॅमेरा सांभाळेल. महिनाभर एकच खिडकी घ्या. तिच्यात रोज तोच तांब्या ठेवा आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ फोटो काढा. प्रत्येक फोटोचे तीन आकडे वहीत मांडा. पंधरा दिवसांत त्या आकड्यांचा अर्थ कोणाला विचारावा लागणार नाही. मग तांब्या बाजूला ठेवा आणि त्याच खिडकीत घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला बसवा. त्यांना हसायला सांगू नका. त्यांचं नेहमीचं काम त्यांच्या हातात द्या.