मादी तपासल्याशिवाय अंडी नकोत

नागपुरात लकडगंजच्या आरामशिनींवर ऐन घनफुटाच्या भावाने विकला जातो. आरमोरीकडच्या जंगलात त्याच ऐनाच्या पाल्यावर ढीवर कुटुंबांचा कोसा, म्हणजे टसर रेशीम, पिकतो. उघड्या झाडावरच्या या पिकाला पावसाचा, मुंग्यांचा, पाखरांचा त्रास आहेच. जागती राखण ठेवली तर बराचसा माल वाचतो. पेब्रिन या रोगापुढे राखण चालत नाही, कारण तो अंड्यातूनच येतो.

टसरमध्ये हा रोग घडवणारा नोसेमा मायलिटेन्सिस हा एकपेशीय परजीवी आज बुरशीच्या गोतावळ्यात गणला जातो. पाल्याबरोबर त्याचा बीजाणू अळीच्या पोटात गेला, की आत गुंडाळलेली नळी झटक्यात बाहेर पडते, आतड्याच्या पेशीत घुसते आणि तिच्यावाटे परजीवी पेशीत उतरतो. पुढे तो अंडाशयापर्यंत पोहोचतो. जबर लागण झालेली अळी बहुधा कोश करण्याआधीच मरते. खरा घात हलक्या लागणीत आहे: ती अळी जगते, कोश करते, पतंग होते आणि रोगासकट अंडी घालते. त्यांतल्या अळ्यांची विष्ठा पाल्यावर पडली, की शेजारच्या निरोगी अळ्याही गेल्या.

यावरचा उपाय जुना आहे. फ्रान्समधील आलेस येथे लुई पाश्चर यांनी १८६५पासून तुतीच्या रेशीमकिड्यांवर काम केले आणि १८७०मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. प्रत्येक मादीची अंडी वेगळी घ्यायची, मग ती मादी वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. बीजाणू दिसले तर अंडी जाळायची.

टसरची अंडी तयार करणाऱ्या बीजागारात आजही तेच करायचे असते. मादीचे पोट खलात पोटॅशियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात घोटायचे, थेंब काचपट्टीवर घेऊन सुमारे ६०० पट मोठा करून पाहायचा. लंबगोल, चकाकणारे, जागच्या जागी थरथरणारे कण दिसले, की शंका धरायची. चरबीचे थेंबही चमकतात, पण ते गोल आणि लहानमोठे असतात; बीजाणू बहुतेक एका मापाचे.

पावसाळ्याच्या तोंडावर पतंग एकदम निघतात, हात अपुरे पडतात आणि मग दहा माद्यांमागे एक तपासण्याचा मोह होतो. व्यापारी कोशांच्या पिकात एखादे वेळी हे निभावेल, बीजपिकात नाही. तिथे सुटलेली एक मादी पुढच्या हंगामात कितीतरी कुटुंबांच्या झाडांवर पोहोचते. बीजागारांनी मनुष्यबळ हंगामाआधीच मागून घ्यावे. ते मिळाले नाही, तर तपासणीला नव्हे, अंडीपुंजांच्या उद्दिष्टाला कात्री लावावी. अंडी फुटल्यावर न फुटलेली अंडी आणि पहिल्या अवस्थेत मेलेल्या अळ्या पुन्हा काचपट्टीवर घ्याव्यात. त्यांत बीजाणू सापडले, तर त्या अंडीपुंजातल्या अळ्या झाडावर चढवू नयेत.