वेण्णेच्या पाण्यात गळ कोणासाठी?

काश्मीर-हिमाचलाच्या ओढ्यांवर कृत्रिम माशीचा गळ टाकून ट्राउट धरण्याचा खेळ रुजला. तसा तो मेढ्याच्या वेण्णेवरही रुजावा, ही कल्पना मोहक आहे. पण ट्राउटला बारमाही थंड पाणी लागते. उन्हाळ्यात डोहांपुरती उरणारी वेण्णा ते कोठून देणार?

सह्याद्रीच्या नद्यांतला खरा झुंजार मासा महाशीर. दख्खनी महाशीराची शास्त्रीय नोंद साइक्स यांनी १८३९ मध्ये केली, तीही पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून. विणीसाठी तो प्रवाहाच्या उलट वर चढतो. मेढ्याच्या खाली कण्हेर धरणाने ती वाट अडवली आहे. मग बीज आणून सोडावे काय? लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात ते तयार होते. मात्र हाच मासा कावेरीत सोडल्यावर तेथील मूळचा कुबडा महाशीर मागे हटला आणि अतिसंकटग्रस्तांच्या यादीत गेला. वेण्णा कृष्णेच्याच खोऱ्यातली असल्याने तो धोका येथे कमी. तरीही आज नदीत कोणते मासे उरले आहेत, याची पाहणी आधी व्हायला हवी.

महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात देवीच्या श्रद्धेने हे मासे राखले गेले आहेत. मेढ्याच्या वरच्या अंगाला असा एखादा डोह राखणे ग्रामसभांच्या आवाक्यातले आहे; गळाच्या परवान्यांचा विचार त्यानंतर करता येईल.