अक्षरांच्या आधीचे शिक्षण

यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी आता तीन वर्षांच्या मुलाच्या हातीही पेन्सिल दिली जाते आणि त्याने इंग्रजी मुळाक्षरे गिरवली की घरचे कृतार्थ होतात. वास्तविक वाचनाचा पाया आधी कानांवाटे घातला जातो. आजीची बडबडगीते, शुभंकरोतीचा ठेका, 'कमळ' आणि 'कढई' यांचा आरंभ एकाच ध्वनीने होतो हे खेळता खेळता उमगणे, यांतूनच मूल भाषेतले नाद वेगळे करू लागते. गोष्ट ऐकताना पुढे काय घडेल याचा अंदाज बांधते. अक्षरे रुजतात ती या भूमीत. दिवेलागणीची ती वेळ आपण आधी दूरचित्रवाणीच्या आणि मग मोबाइलच्या स्वाधीन केली!

झरी जामणी, केळापूर, मारेगाव तालुक्यांतील कोलाम पोडांचा प्रश्न निराळा आहे. तिथे गाणी-गोष्टींची वाण नाही. पण त्या कोलामीत आहेत. ही भाषा द्राविडी कुळातील, त्यामुळे अंगणवाडीतील मराठी त्या बालकाला अनोळखी. पुसद-दिग्रसकडील तांड्यांवर गोरमाटी बोलणाऱ्या मुलांचीही अडचण काहीशी अशीच. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम आरंभले, तेव्हा शाळेने मुलाच्या अंगणात जावे हा विचार कृतीत उतरला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेचा आग्रह धरला, तो स्वागतार्हच. परंतु सेविकेला कोलामी कळत नसेल, तर गप्प बसलेले वनवासी बालक मंदबुद्धी ठरते. नेमणुकीच्या वेळी भाषेची जाण आधी पाहावी. पोडावरच्या आजी-आजोबांना गोष्ट सांगण्यासाठी अंगणवाडीत बोलावण्यास तर शासन निर्णयाचीही वाट पाहावी लागत नाही.