मूळ नोंदीतील चूक आणि नकलेतील 'दुरुस्ती'

कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तहसील कचेऱ्यांमधील जुनी दप्तरे सुटू लागली. हैदराबाद गॅझेटसंबंधीच्या २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने या शोधाला पुन्हा वेग आला. मात्र नोंद सापडली म्हणजे काम संपले असे नाही. पणजोबांपासून अर्जदारापर्यंत वंशावळ जुळवावी लागते आणि तिथेच जुन्या कारकुनांच्या चुका आडव्या येतात.

गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, पुष्कळदा आडनावच नसते. तिथला 'रामा वल्द गणू' शाळेच्या रजिस्टरात 'रामजी गणपत' झालेला असतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, शब्दही सलग लिहिलेले. काही चुका तर चुकाच नसतात. मराठवाड्यातील निजामकालीन कागदांवर फसली सन असतो. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३४० फसली म्हणजे १९३०-३१, हे ठाऊक नसलेल्याला तारीखच खोटी वाटते.

खरी अडचण पुढे आहे. लिप्यंतर करताना 'रामा'चा 'रामजी' करण्याचा, जातीच्या रकान्यातील नुसत्या 'कु.'चा सरळ 'कुणबी' लिहिण्याचा मोह होतो. हेतू वाईट असतोच असे नाही. पण दक्षता पथकाने मूळ वही उघडली की ही तफावत उघडी पडते आणि कारकुनाच्या चुकीचा संशय अर्जदारावर येतो. जातीचा दावा सिद्ध करण्याची जबाबदारी २००० च्या जात पडताळणी कायद्याच्या कलम ८ नुसार अर्जदाराचीच आहे. स्वातंत्र्यपूर्व कागदपत्रांना अधिक वजन द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आनंद प्रकरणात म्हटले. आरक्षणाचा प्रश्न नसताना त्या नोंदी झाल्या, म्हणून त्यांना मोल. सुधारून घेतलेल्या नकलेत ते उरत नाही.

वास्तविक कायद्यानेच वाट दाखवलेली आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे निबंधकाला चूक दुरुस्त करायची तर मूळ नोंदीला हात न लावता समासात, सही व तारखेनिशी करावी लागते. वंशावळीतही तेच हवे. नोंद जशी आहे तशी, अक्षरशः उतरवावी. गाव, वर्ष, पान व अनुक्रमांक द्यावा. आपण लावलेला अर्थ वेगळा लिहावा आणि त्याला दुसऱ्या स्वतंत्र कागदाचा आधार दाखवावा. वारसाचा फेरफार इथे फार उपयोगी, कारण त्यात बाप आणि मुलगे एकाच ठिकाणी सापडतात. हल्ली या जोडणीसाठी केवळ प्रतिज्ञापत्रावर भिस्त ठेवली जाते. त्याला कागदाची सर येत नाही.

मोडी वाचकांकडून शासन जी भाषांतरे करून घेते, त्यांतही अक्षरशः लिप्यंतर आणि अर्थ असे दोन स्वतंत्र रकाने असायला हवेत. शंकास्पद अक्षर तिथे शंकास्पद म्हणूनच नोंदले गेले, तर पडताळणी समितीपुढे अर्जदाराला निदान त्याचा खुलासा करता येईल.