अर्ध्या कोयत्याची पावती कुणाच्या नावाची?

दसरा-दिवाळी झाली की अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या तालुक्यांतली गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटे माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल मात्र मुकादम नवऱ्याच्या हातात देतो, वहीत नावही त्याचेच. बाई पहाटे भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते. बाळंतपण किंवा पाळीच्या त्रासाने कोपीवर राहिली, तर खाडा तिच्यामुळे. तेवढ्यापुरते तिचे नाव निघते!

'या बायकांना मोठ्या कामगार महासंघांचा काय उपयोग?' असे मला बैठकांतून विचारतात. उपयोग आहे, असे माझे ठाम मत आहे. ऊसतोडीचा दर गावात ठरत नाही. तो राज्य पातळीवर साखर संघाशी वाटाघाटी होऊन ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये तो ३४ टक्क्यांनी वाढला. त्या लढ्यात सिटूशी संलग्न संघटनाही होती. एकट्यादुकट्या बाईला मुकादमाकडून हे मिळाले नसते.

पण वाढलेला दर पडला कोणाच्या हाती? इथेच महासंघ थांबतात. १९२० साली मुंबईत आयटक स्थापन झाली, तेव्हापासून त्यांची घडी गिरणी-कारखान्यांच्या कामगारांवर बसलेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही, अनेक संघटना असतील तिथे, हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असणारीच एकटी वाटाघाटी करू शकते. जिचे नाव कुठल्याच पटावर नाही, ती मोजली जाणार कशी?

बायका लढत नाहीत, असे कुणी म्हणू नये. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात अंगणवाडीताईंनी, वेगवेगळ्या झेंड्यांच्या संघटना एकत्र आणून, ५० हून अधिक दिवस संप चालवला. एक ठरावीक मालक नसलेल्या बायकांचीही कामगार संघटना होते, हे १९७२ साली नोंदलेल्या 'सेवा'ने दाखवले.

म्हणून महासंघांकडे आपले मागणे साधे आहे. सभासदत्वाची पावती बाईच्या नावाने फाडा. पुढच्या करारात अर्ध्या कोयत्याची मजुरी तिच्या खात्यावर मागा. बाळंतपणाचा आणि पाळीचा खाडा बंद करा. वाटाघाटीला ऊसतोड बायका बसवा.

मैत्रिणींनो, मोर्चाला गर्दी बायकांची आणि करारावर सही पुरुषांची, ही रीत आता आपणच मोडायला हवी.