उसाचा दर आणि उसाचा वाटा

नोव्हेंबर २०११ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे ऊस उत्पादक राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली पंढरपुराहून पायी बारामतीस आले आणि तेथे बेमुदत उपोषण सुरू झाले. पुढच्याच वर्षी संघटनेने इंदापुरात ठिय्या दिला. पहिली उचल टनाला ३००० रुपये मिळावी, ही मागणी होती. १२ नोव्हेंबर २०१२ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, शेट्टी यांना अटक झाली, आंदोलन भडकले आणि सांगली जिल्ह्यातील वसगडे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक शेतकरी मृत्युमुखी पडला. ही दोन ठिकाणे आंदोलकांनी उगाच निवडली नव्हती. बारामती हे तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांचे गाव, तर इंदापूर हा तेव्हाचे राज्याचे सहकारमंत्री हर्षवर्धन पाटील यांचा मतदारसंघ. शेतकऱ्याने प्रस्थापितांच्या दारात जाऊन जाब विचारला, असेच त्या प्रसंगाचे वर्णन करावे लागेल.

परंतु एक प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. संघटनेचे बळ मुख्यतः कोल्हापूर-सांगलीकडचे होते. मग ज्यांच्या दारात हे आंदोलन झाले, त्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथील कारखान्यांचे हजारो सभासद त्या मानाने शांत का राहिले? त्यांना जादा दर नको होता, असे कोणी म्हणणार नाही. या प्रश्नाचे उत्तर शोधताना थायलंडकडे पाहिल्यास काही गोष्टी स्पष्ट होतात. हा देश ऊस पिकवणारा आहे आणि साखरेच्या जागतिक बाजारात आपला प्रतिस्पर्धीही आहे.

थायलंडमधील संघर्षाचे चित्र आपल्या वृत्तपत्रांत लाल सदरेवाले आणि पिवळे सदरेवाले असे रंगवले गेले. ईसान या ईशान्येकडील कोरडवाहू प्रदेशातील आणि उत्तरेतील शेतकऱ्यांनी थाकसिन शिनावात्रा यांना भरभरून मते दिली. २००६ मध्ये सैन्याने त्यांना पदच्युत केले. २०१० मध्ये लाल सदरेवाल्यांनी बँकॉकचे रस्ते अडवले, तेव्हा सैन्याच्या कारवाईसह त्या संघर्षात नव्वदहून अधिक माणसे मेली. पुढे थाकसिन यांच्या भगिनी यिंगलक निवडून आल्या आणि २०१४ मध्ये पुन्हा लष्करी उठाव झाला. २०२३ च्या निवडणुकीत ५०० पैकी १५१ जागा जिंकून मूव्ह फॉरवर्ड पक्ष पहिला आला, पण लष्करी राजवटीने नेमलेल्या २५० सदस्यांच्या वरिष्ठ सभागृहाने त्याच्या नेत्यास पंतप्रधान होऊ दिले नाही, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाने तो पक्षच विसर्जित केला. मते खेड्यांकडे आणि संस्था राजधानीकडे, अशी ही फाळणी आहे. खेडुतांची मते विकत घेता येतात, म्हणून सुशिक्षितांनी नेमलेल्या मंडळाने राज्य करावे, असे पिवळ्या बाजूचे पुढारी उघडपणे म्हणत. (आपल्याकडे शेतकऱ्याला प्राप्तिकर नाही आणि वीज फुकट मिळते, अशी कुरकुर करणाऱ्या शहरी मंडळींचा सूर यापेक्षा फार वेगळा नसतो.)

बारामती-इंदापुरात मात्र संस्था आणि मते एकाच हाती आहेत, आणि येथेच थायलंडशी असलेले साम्य संपते. येथील प्रस्थापितांना रणगाड्यांची गरज नाही. ऊस उत्पादक हाच कारखान्याचा मालक, हाच मतदार आणि हाच ऋणको आहे. सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातून वळते होते, तोडणीची पाळी शेतकी विभागाच्या हाती असते, मुलाचे महाविद्यालय आणि पुतण्याची नोकरी त्याच परिवारातील संस्थांत असते. ऊस उभा असताना संचालकाशी वैर घेणे म्हणजे तो फेब्रुवारीनंतर वाळताना पाहणे होय. ही सत्ता लोकांच्याच भागभांडवलातून उभी राहिली आहे, म्हणून ती थायलंडमधील सेनापतींच्या सत्तेपेक्षा अधिक टिकाऊ आहे.

ती अभेद्य आहे, असे मात्र नाही. २०१५ मध्ये माळेगाव कारखान्याच्या सभासदांनी पवार गटाचा पराभव करून चंद्रराव तावरे व रंजन तावरे यांच्या पॅनेलच्या हाती कारभार दिला. हा बदल बारामतीच्या ऐन गाभ्यात, कसलाही रास्ता रोको न होता, गुप्त मतदानाने झाला. २०२० मध्ये सत्ता पुन्हा फिरली. जून २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार स्वतः ‘ब’ वर्गातून, म्हणजे संस्था-मतदारांच्या गटातून, उभे राहिले, त्यांच्या पॅनेलने २१ पैकी २० जागा घेतल्या आणि ते अध्यक्ष झाले. राज्याचा अर्थमंत्री एका कारखान्याच्या अध्यक्षपदासाठी उतरतो, यावरून ते पद किती मोलाचे आहे हे आपल्या कार्यकर्त्यांनी ओळखावयास हवे. विधानसभेच्या उमेदवारीवर आपण महिनोन्‌महिने चर्चा करतो, कारखान्याची मतदारयादी मात्र उघडूनही पाहत नाही.

दराच्या प्रश्नावरही थायलंड दोन परस्परविरोधी धडे देतो. पहिला भाताचा. यिंगलक सरकारने २०११ पासून बाजारभावाच्या सुमारे दीडपट दराने भात खरेदी केला. कोठारे भरली, माल खपेना, २०१४ च्या आरंभी शेतकऱ्यांचे पैसे थकले आणि सैन्याला आयते निमित्त मिळाले. नेत्याने जाहीर केलेला दर नेत्याबरोबरच गेला. दुसरा धडा उसाचा. उत्पादकांच्या दीर्घ दबावानंतर १९८४ मध्ये तेथे ऊस व साखर कायदा झाला आणि साखर व्यवसायाच्या निव्वळ उत्पन्नापैकी ७० टक्के उत्पादकाचे व ३० टक्के कारखान्याचे, हे तत्त्व रूढ झाले. हिशेब ठरवणाऱ्या मंडळावर उत्पादकांचे प्रतिनिधी बसतात. त्यानंतर अनेक सरकारे उलथली, राज्यघटना बदलल्या, पण वाटणीचे हे तत्त्व शिल्लक राहिले. दर ही दया असू शकते, वाटा हा हक्क असतो, आणि हक्क कायद्यात उतरला की सेनापतीलाही तो सहजी पुसता येत नाही.

हे तत्त्व आपल्याकडेही आले आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये, म्हणजे इंदापूरच्या ठिय्यापूर्वी अवघे काही आठवडे, रंगराजन समितीने साखर आणि पहिल्या टप्प्यातील उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के, अथवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा उत्पादकास देण्याची शिफारस केली. २०१३ मध्ये महाराष्ट्राने त्या धर्तीवर ऊसदराचा कायदाही केला आणि दर नियंत्रण मंडळ नेमण्याची तरतूद केली. असे असूनही दर हंगामाच्या आरंभी घोषणांत जो आकडा घुमतो, तो पहिल्या उचलीचा असतो. एफआरपी हा किमान भाव आहे, तो चौदा दिवसांत मिळालाच पाहिजे, आणि तो दोन हप्त्यांत देण्याचा राज्य सरकारचा २०२२ चा निर्णय मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला, हे चांगलेच झाले. पण खरा झगडा त्या किमान भावाच्या वर जे उरते त्याचा आहे. कारखान्याने मळी स्वतःच्या आसवनीस कोणत्या दराने वर्ग केली? बगॅस सहवीजनिर्मितीला कोणत्या किमतीस दिला? तोडणी-वाहतुकीचा खर्च प्रत्यक्षात किती आणि दाखवला किती? मळीची किंमत कागदावर उतरली की इथेनॉलचा नफा फुगतो आणि उसाचा वाटा आपोआप आटतो. अर्थशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला यात गूढ असे काही दिसत नाही. ताळेबंद वाचता येणारा एक पदवीधर आणि वार्षिक सभेत उठून प्रश्न विचारणारे दहा सभासद, एवढ्या बळावर हे काम सुरू होऊ शकते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याविना हा विषय पुरा होत नाही. ईसानचा लाल सदरेवाला हा आपल्या देशातील गरिबांचा प्रतिनिधी होता. नीरेच्या डाव्या कालव्यावरचा ऊस बागायतदार तसा नाही. या प्रदेशातला खरा निःसत्त्व माणूस बीडहून कोयता घेऊन येणारा आणि मुकादमाच्या उचलीत अडकलेला तोडणी कामगार आहे, आणि जनाई-शिरसाईच्या पाण्याची वाट पाहणारा जिरायतदार आहे. ७० आणि ३० च्या वाटणीत या दोघांचे नाव कोठेच नाही. उसाच्या दराचे आंदोलन चालवणाऱ्यांनीही तोडणीचा दर हा आपल्या बिलातून जाणारा खर्च म्हणूनच बहुधा पाहिला आहे. समाजवादी कार्यकर्त्याने तो तसा पाहू नये. उत्पादकाच्या वाट्याची मागणी करतानाच तोडणी कामगाराच्या मजुरीचा करार त्याच हिशेबपत्रकात, त्याच मंडळापुढे आणि मुकादमास वगळून व्हावा, ही मागणी बागायतदार सभासदांच्या तोंडावर मांडावी लागेल. काही सभासद त्यामुळे दुरावतील, आणि ते कोण हे माळेगाव व भवानीनगरच्या पुढच्या वार्षिक सभांतच कळेल.