आर.सी. बुकात फुफीचं नाव का नाही?

आमच्या घराण्याचा इतिहास म्हणजे गाड्यांचा इतिहास. दादांनी, म्हणजे आजोबांनी, जुना टाटा-मर्सिडीज ट्रक घेतला, मग आणखी दोन, शिवाय डोंगरातल्या कच्च्या वाटांसाठी महिंद्राची जीप. पहिल्या ट्रकपायी दादीचे दागिने गेले, हे कोणी सांगत नाही. ट्रकच्या मागे मात्र 'माँ की दुआ' रंगवलेलं.

दादा वारले. हिशेब सोपा होता. दादीला आठवा हिस्सा, उरलेल्याचे पाच भाग : दोन भावांना दोन-दोन, फुफीला एक. सूरह निसामध्ये स्पष्ट आहे. झालं काय? दोन ट्रक अब्बांना, एक ट्रक आणि जीप चाचांना, फुफीला ईदची साडी. म्हणे, "बाईमाणूस ट्रक काय चालवणार?" अहो, चाचांना तरी कुठे चालवता येत होता? पगारी ड्रायव्हर होता!

तलाकच्या प्रश्नावर शरियत वाचवायला रस्त्यावर उतरणारे माझे बांधव इथे गप्प असतात. रूढी मोडून बायकांना त्यांचा हक्क मिळावा, हेही १९३७च्या शरियत कायद्यामागचं एक कारण होतं. शेतजमीन त्यातून वगळली, ते दुखणं वेगळं. पण ट्रक काय शेतजमीन आहे?

"तिने माफ केलं," म्हणतात. माहेर तुटेल म्हणून जिने तोंडच उघडलं नाही, तिने माफ कधी केलं?

माझी बी.एड.ची फी त्याच ट्रकच्या भाड्यातून गेली. फुफी हयात आहे. मी आकडा काढून भावांपुढे ठेवलाय. मोठ्याने कागद घडी करून खिशात घातला, आणि डिझेलच्या भावावर बोलायला लागला.